पळसाच्या चढतीवरची राखन

लिहा मास्तर, पन सगळ्यात आंदी हे लिहा का मी मूळची रिठदची नाही, मी अनसिंगची. लोकं मले रिठदवाली म्हनतात, लारीवाली बाई म्हनतात, मधात तर कोनी कोनी फौजदारीन बी म्हनत होते, हासत होते मेले, पन माहा जलम अनसिंगचा, माळ्याच्या घरचा. बापाचा मळा होता गावाच्या खालच्या अंगाले, मोटेची विहीर होती, पेरूचे झाडं होते, वांगे, मिरची, कांदे, सांभार, सांभार म्हंजे तुमची ते कोथिंबीर, हासू नका, आमच्या इकडे सांभारच म्हनतात. माहे भाऊ मोट हाकत, माय अन काकू तोडनी करत, अन मी लहान, मंग माह्या वाट्याले काय आलं, तर राखन. पेरूवर राघू यायचे, मिरचीत वांदरं शिरायचे, अन मी मचानावर. मायनं मले अंबाडीची गोफन वळून देली होती, माह्या हाताच्या मापाची. बाप म्हने, सगुना, पाखराले मारू नको, त्याच्या बाजूले मार, त्याले समजलं पायजे का अठी कोनी बसेल हाय, तेवढंच आपलं काम. म्या लय वर्सं तेच केलं. दिवसभर उन्हात बसायचं, डोळा लागू द्यायचा नाही, अन काय सांगू तुमाले, मले ते काम आवडे. बाकी पोरी कटाळत, मले कटाळा येतच नव्हता. पान हाललं तर ते वाऱ्यानं हाललं का पाखरानं, हे मले मचानावरून कळे.

मंग लगन झालं, रिठदले आली. नामदेव त्यायचं नाव. घ्या, आता या वयात घेतलं नाव, ते असताना कदी घेतलं नाही. लय भला मानूस, कमी बोलनारा. आमचा बी मळाच होता, लहान, पन पान्याचा. एक पोरगी झाली, रुक्मी, अन ती रांगत असन तवा मानमोडी आली. तुमी तवा नसान, नाहीतर कडेवर असान. घरोघर तापानं मानसं पडले होते, सकाळी एकाले न्यायचं अन तो नेनाराच दुसऱ्या दिवशी झोपे. नामदेव तिसऱ्या दिवशी गेले. माह्या सासूनं एकच ल्योक होता तो घालवला, ती बसली भिंतीले टेकून, म्या म्हटलं आता ही बी जाते. पन चार दिवसानं उठली, म्हने, सगुना, मिरची पिकून गळून राह्यली, चाल. असी होती ती. तिचं नाव काढलं का अजून माहे हात जुळतात.

तर मळा आमी दोघी बाया करू लागलो. पिकवू सगळं, पन इकायचं कुठी? गावात कोन किती वांगे घेईन? बाजार वाशीमचा, अन वाशीम रिठदहून पायी जाच्यासारखं नाही, डोक्यावर टोपलं घेऊन तर नाहीच नाही. कापसाच्या दिवसात आमच्या गावच्या बंड्या वाशीमच्या जिनात, कापसातली सरकी काढतात तिथी, जात, आठ आठ, दहा दहा बंड्या, एकामांगं एक. त्या बंड्यायचा म्होरक्या होता सखाराम. मोठा दांडगा गडी, पांढऱ्या बैलायची जोडी, त्या बैलायशी तो असा बोले का जसे ते त्याचे सोयरे हायेत. हळू रे बाप्पा, हळू, असं गळ्यातल्या गळ्यात म्हने अन बैल समजून घेत. म्या त्याले इचारलं, सखारामभाऊ, माहे दोन टोपले नेसान का? तो म्हने, टोपले नेतो बाई, पन ते इकन कोन? म्या म्हटलं, मी इकीन, मी बी येते. बाकीचे बंडीवाले एकमेकायकडे पाहू लागले. सखारामभाऊ म्हने, पाहून काय राह्यले रे, माह्या बहिनीले जागा करा. असं म्हनला तो. तुमी हे लिहा, कारन पुढचं सांगन तवा तुमाले हे आठवलं पायजे का त्यानंच मले आंदी जागा देली.

जागा कुठी भेटली, तर सगळ्यात मांगच्या बंडीवर, अन तिथी बी बसायचं तर तोंड मांगं करून, कारन पुढं कापसाचे पोते. सकाळी झुंजुमुंजू झालं का निघायचं अन दुपार कलली का वाशीम. मधात एक नाला लागते, त्याले पळसाची चढती म्हनतात, दोन्ही अंगानं पळसच पळस. नाल्यात उतरायचं अन मंग चढायचं, जाता बी चढती अन येता बी चढती. भरल्या बंडीले तिथी बैल जीव टाकत. बंडीवाला खाली उतरून चाकाले खांदा देई, त्याचं ध्यान बैलायकडे, अन चोरायले तेच पायजे होतं. पळसातून मानूस निंघे, मांगून पोतं वढे, अन पुन्हा पळसात. वाशीमले जाऊन पाहावं तर पोतं कमी. ज्याचा कापूस त्याचं वर्सभराचं लुगडं-धोतर गेलं.

दुसरा का तिसरा बाजार असन माहा. चढतीवर बंड्या कन्हत कन्हत चढून राह्यल्या होत्या, सकाळ चांगली उजाडून गेली होती, अन म्या पाह्यलं, पळसाच्या फांद्या हालल्या. वारा नव्हता, मास्तर. एक मानूस वाकून वाकून आला, त्यानं माह्याकडे पाह्यलं, अन काय सांगू तुमाले, तो हासला! बाईमानूस काय करते, असं हासला, अन त्यानं पोत्याले हात घातला. गोफन माह्या कंबरेले होती, मळ्यातून निंघताना सवयीनं खोसेल होती. म्या गोटा घातला अन फिरवली. त्याच्या पायाजोळ दगड होता, त्या दगडावर गोटा असा फुटला का ठिनग्या उडाल्या. तो असा पळाला का त्याचा एक जोडा तिथीच राह्यला. आवाजानं बंडीवाले धावले, सखारामभाऊनं तो जोडा उचलला, माह्याकडे पाह्यलं, गोफनीकडे पाह्यलं, अन तो इतका हासला का त्याले खोकला लागला. म्हने, आजपासून मांगची बंडी सगुनाची. कोनी त्यावर बसायचं नाही.

तिथून पुढं म्या किती वर्सं मांगच्या बंडीवर काढले, मोजले नाहीत. मांगं तोंड करून मी अख्खा तो रस्ता पाठ केला. वाशीमच्या जिनात लोकं म्हनत, रिठदच्या बंड्या आल्या म्हंजे माल पुरा आला, तोलून पाह्याची गरज नाही. हे आयकलं का माही छाती अशी भरून ये. दुसऱ्या गावच्या बंड्या आमच्या मांगं लागून चालू लागल्या, तर मी त्यायच्याही मांगं जाऊन बसू लागली. गाठ बी माहीच. पोत्याच्या तोंडाले माळ्याची गाठ मारायची, आमी जुड्या बांधतो तशी, अन वरून चिखलाचं बोट लावायचं. चिखल वाळला का गाठीले हात लागला का नाही ते लगेच दिसते. सासू म्हने, बाहेर नाव झालं तुहं, घरात वांगे तोडून राह्यले कोन, मीच ना? पन ती शेजारनीपाशी माहंच कवतिक सांगे, मले माह्या कानानं आयकू ये.

मंग लारी आली. वाशीमच्या एका शेटची, मोतीशेट म्हनत त्याले. रिसोडहून माल भरायची, रिठदवरून वाशीमले, अन येताना मीठ, तेल, कापड, रॉकेल घेऊन रिसोडले. पहिल्या वर्सी आमी सगळे हासलो तिले. धूर सोडे, चिखलात फसे, मंग सखारामभाऊचेच बैल तिले वढून काढत, अन तो डायवरले म्हने, बापू, हिले कडबा चारा, चालन. पन दुसऱ्या वर्सी रस्त्यावर खडी पडली अन हासनं बंद झालं. बंड्यायले अर्धा दिवस लागे तिथी लारी सकाळी जाऊन दुपारी वापस. दहाच्या सहा बंड्या झाल्या, सहाच्या तीन झाल्या. अन माही भाजी, मास्तर, बंडीवर दुपारपावतर सुकून जाई, बाजारात लारीवरून आलेली ताजी भाजी पुढं, माही पडून. म्या एक साल काढलं तसंच, कारन कोन्या तोंडानं सखारामभाऊले सोडून जाऊ? मंग एक दिवस सासूच म्हने, वांगे सडवून बहीनपना होत नाही, सगुना.

लारीचा डायवर होता इस्माईलभाई, वाशीमचा, बारीक दाढीचा, तोंडात सुपारी. मी रस्त्यात जाऊन उभी राह्यली. त्यानं लारी थांबवली, म्हने, बहन, मरना है क्या? म्या म्हटलं, मले मालावर बसू दे, माहे टोपले घे, मी तुहा माल राखीन. तो म्हने, शेठ मेरेको निकाल देगा, सवारी मना है. अन तो गेला. पन पंधरा दिवसानं तोच थांबला. तोंड उतरेल होतं. म्हने, बहन, रोज कुछ ना कुछ कम निकलता, शेठ मेरे उपर शक करता, तू सच में रखवाली करेगी? म्या म्हटलं, शेटले इचार. शेटनं मले वाशीमले बोलावलं, गादीवर बसल्या बसल्या मले पायापासून डोक्यापावतर पाह्यलं, म्हने, चोर धरायले आता बाया ठेवायच्या का? म्या म्हटलं, शेट, पगार देऊ नका, टोपले न्या, अन माल कमी भरला त्या दिवशी मले खाली उतरवून द्या. शेट हासला, पन हो म्हनला.

सखारामभाऊले सांगाले गेली मी. तो बैलायले पानी दाखवून राह्यला होता. म्या सगळं सांगलं. तो वळला नाही, बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हने, जा बाई, तुहं बी पोट हाय. बस, एवढंच. त्याच्या जागी दुसरा असता तर शिव्या देल्या असत्या. शिव्या देल्या असत्या तर मले बरं वाटलं असतं.

लारीवरची राखन बंडीसारखी नसते, उंच, हालते, दोराले धरून बसा लागते. पदर कंबरेले खोसून, मांगं तोंड करून मी बसे अन गावोगावचे लोकं पाहाले उभे राहत. पहिल्याच महिन्यात गंमत झाली, ते सांगते अन मंग पुढं जाते. माल रस्त्यात कुठी पडत नव्हता, चढतीवर कोनी येत नव्हतं, तरी तुरीचे पोते हलके भरत, अन शेट मले उतरवाच्या बेतात आला. मी इचार केला, लारी थांबते कुठी? तर एका चहाच्या हाटेलावर, तिथी मी बी खाली उतरून पानी पिई. दुसऱ्या दिवशी म्या मांगच्या पोत्यायच्या शिवनीले खाजकुयरी चोळली. शेंगेवरची ती लव अंगाले लागली का मानसाले नाचवते. म्या हाताले फडकं गुंडाळून चोळली, अन कोनाले सांगलं नाही, इस्माईलभाईले बी नाही. हाटेलावर थांबलो, उतरलो, मी पानी पेली. अन थोड्या वेळानं हाटेलवाला चहा घेऊन आला तर एका हातात कप अन दुसऱ्या हातानं काखेपावतर खाजवून राह्यला, कप हातात लटलट, चहा सगळा धोतरावर. म्या म्हटलं, दादा, तूर लय चावली का? इस्माईलभाई तर जमिनीवर बसला हासता हासता. त्या दिवसापासून शेटचं बोलनं बदललं, मंग तो मले सगुनाबाई म्हनू लागला.

तर असे चांगले दिवस चालू होते अन लढाई लागली. लढाई कुठी होती मले मालूम नाही, पन आमच्या अठी तिचा कंट्रोल आला. साखर कंट्रोलची, रॉकेल कंट्रोलचं, कापड कंट्रोलचं. साखर पाहाले भेटेना. अन ती साखर वाशीमच्या ठेसनावरून रिसोडले आमच्याच लारीवर जाई. आंदी पोतं गेलं तर शेटचं गेलं, आता पोतं गेलं तर सरकारचं गेलं, सरळ बेडी. इस्माईलभाई मले म्हने, बहन, अब तू है तो मैं सोता हूं.

एका उन्हाळ्यात माही रुक्मी बाळंतपनाले अडली. तिले वाशीमलेच देली होती. मी गेली तिच्यापाशी, पंधरा दिवस राह्यली, पोर आडवं होतं, सुईननं हात टेकले होते, पन देवानं दोघायले वाचवलं. अन मी तिथी पोरीच्या अंगाले तेल लावून राह्यली होती तवा इस्माईलभाईची बायको धावत आली, पायात चप्पल नाही. म्हने, साखरेचे दोन पोते गेले, शेटनं ठान्यात लिहून देलं, फौजदारानं उनको अंदर डाल दिया. म्हनतात डायवरनंच इकले. त्याचे चार लेकरं तिच्या मांगं उभे, रडून बी नाही राह्यले, नुसते माह्याकडे पाहून राह्यले.

मी उठली ते सरळ शेटकडे गेली. म्या म्हटलं, शेट, मी नव्हती म्हनून माल गेला, त्यानं नाही इकला. शेट म्हने, तुले काय मालूम? म्या म्हटलं, उद्या साखर जाते का रिसोडले? म्हने, जाते, बदली डायवर हाय. म्या म्हटलं, मंग मले ताडपत्रीखाली घाला. कोनाले सांगू नका. रिठदमंदी सगळ्यायले मालूम हाय का सगुना पोरीच्या बाळंतपनाले गेली, वर कोनी दिसलं नाही का ते येतीनच.

मास्तर, तुमी वैशाखातल्या दुपारी ताडपत्रीखाली कदी निजले नसान. पोत्यायचा वास, खाली गोनपाट टोचून राह्यलं, वर ताडपत्री तव्यासारखी, घाम डोळ्यात. हातात गोफन, मुठीत गोटा. लारी नाल्यात उतरली अन मले अंगानंच समजलं का चढती लागली, इंजन गुरगुरू लागलं अन चाल मानसाच्या चालीवर आली. मंग मांगची फळी वाजली. कोनीतरी चढलं. सुरी दोरावर फिरल्याचा आवाज आला. अन मंग, मास्तर, तो खाली पळसात उभ्या असेल कोन्या साथीदाराले म्हनला, हळू रे बाप्पा, हळू.

तो आवाज म्या किती वर्सं आयकला होता! त्या आवाजावर म्या बंडीवर बसल्या बसल्या भाकर खाल्ली होती. मले वाटलं, आपुन हालूच नाही. पोतं जाऊ द्यावं. शेटले सांगावं का डोळा लागला होता. पन मले ते इस्माईलभाईचे लेकरं दिसले, नुसते उभे असेल.

म्या ताडपत्री फेकली अन उठून बसली. सखारामभाऊ फळीवर उभा, खांद्यावर साखरेचं पोतं. दाढी वाढेल, पटका मळेल. पळसातला मानूस मले पाहताच पळाला, तो कोन होता ते मले आजपावतर मालूम नाही. सखारामभाऊ पळाला नाही. तो म्हने, सगुना, तू? तू तर पोरीकडे होती. म्या म्हटलं, भाऊ, पोतं खाली ठेव. तो म्हने, अन नाही ठेवलं तर गोटा मारशीन? म्या गोफन बाजूले टाकली. म्या म्हटलं, नाही मारत. ठेव. त्यानं ठेवलं, जसं लेकरू पाळन्यात ठेवतात तसं.

म्या डायवरच्या टपावर थापा मारल्या, लारी चढतीच्या वर जाऊन थांबली. आमी दोघं खाली उतरलो, पळसाच्या सावलीत बसलो. तो पळाला असता तर मी काय करनार होती? पन तो बसला. म्हने, या लारीनं माहे बैल खाल्ले, सगुना. खाटकाले नाही इकले म्या, पन इकले. गोठ्यात गेलो का दावे दिसतात नुसते. लारीनं सगळ्यायचं खाल्लं, अन तिच्या डोक्यावर कोन बसेल हाय, तर तू. म्या त्याले काय म्हननार? तो खोटं बोलून राह्यला नव्हता. म्या म्हटलं, भाऊ, खरं हाय तुहं. पन तू लारीचं पोतं नेलं अन आत बसला इस्माईल. त्यानं तुहे बैल खाल्ले का? तो बी तुह्यासारखाच हाकनारा हाय. त्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. मंग म्हने, फौजदाराले नाव सांगशीन माहं? म्या म्हटलं, मी नाही, तू सांगशीन. म्हने, अन मी नाही सांगलं तर? म्या म्हटलं, मंग मी सांगीन, पन मंग मले आयुष्यभर कोनाले भाऊ म्हनता येनार नाही.

तो उठला, धोतर झटकलं, अन स्वतःच लारीवर चढला. डायवरनं लारी वळवली वाशीमकडे. आमी दोघं पोत्यायवर बसलो, तोंड मांगं करून. रस्त्यात त्यानं पानी मांगलं, म्या लोटा देला. मंग म्हने, अठून रस्ता लांब दिसते. म्या म्हटलं, हो भाऊ, दिसते.

ठान्यात तो एका झटक्यात बोलला सगळं. आंदीच्या दोन पोत्यातलं एक त्याच्या कडब्याच्या गंजीत भेटलं, दुसऱ्याची साखर इकून झाली होती. फौजदार माह्याकडे पाहे अन त्याच्याकडे पाहे, त्याले समजेना का ह्या बाईनं चोर आनला का चोरानं बाई आनली. इस्माईलभाईले सोडलं. तो बाहेर आला, उन्हात डोळे बारीक करून उभा राह्यला, माह्या पायाले हात लावाले वाकला तर म्या मांगं सरकली. मंग त्यानं सखारामभाऊकडे पाह्यलं. मले वाटलं आता मारते. पन त्यानं खिशातून बिडी काढली, पेटवली, अन सखारामभाऊच्या हातात देली. हे म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. ह्या दोन मानसायसारखे मानसं मले पुन्हा दिसले नाहीत.

सखारामभाऊले सजा झाली, काही महिन्यायची. गावात मी परकी झाली. बंडीवाल्यायनं माह्या मळ्याच्या वाटेनं जानं सोडलं. त्याची बायको गिरजा, तिनं बांधावर उभं राहून पदर पसरला, म्हने, माह्या कुकवाले बेडी घातली हिनं, हिचा मळा जळो. मी आयकून घेतलं. घरात येऊन रडली तर सासू, तवा तिले उठवत नव्हतं, खाटेवरून म्हने, केलं ते बराबर केलं, आता रडू नको, वांगे तोड.

मोतीशेट खुश होता. म्हने, सगुनाबाई, जरीचं लुगडं घ्या, चार मानसायसमोर सत्कार करतो. म्या म्हटलं, शेट, लुगडं नको. तुमची लारी पांदनीतून गावागावात शिरते, काळ्या मातीत फसते, आस तुटते. लारी मोठ्या रस्त्यावरच ठेवा, अन खेड्यातून रस्त्यापावतर माल बंड्यायले आनू द्या. शेट म्हने, तुले आनखी धंदा शिकवाचा हाय का मले? रागावला. पन पावसाळ्यात लारी दोनदा फसली, आठ आठ दिवस निंघाली नाही, अन मंग त्यानं स्वतःच बंडीवाल्यायले निरोप धाडला. सखारामभाऊ सुटून आला तवा त्याच्या चुलतभावानं त्याले अर्ध्यानं, म्हंजे अर्धी कमाई त्याची, एक जोडी देली. पहिलीच बंडी घेऊन तो रिठदच्या फाट्यावर आला, तुरीच्या पोत्यायची. मी लारीवर होती. सगळे बंडीवाले पाहत उभे. तो बंडीवरून म्हने, सगुनाबाई, पोते मोजून घे. म्या म्हटलं, तू आनले, भाऊ, मोजायचे काय? चढव वर. त्यानं एक एक पोतं माह्या हाती देलं अन म्या गाठ मारली. मंग बाकीचे बी आले.

आता स्वराज्य आलं, लारी नवी आली, इस्माईलभाईचा पोरगा ती हाकते. सासू गेली, सखारामभाऊ बी मांगच्या साली गेला, झोपेतच, बैलायले चारा टाकून आला अन निजला. माहे गुडघे आता लारीवर चढू देत नाहीत, तरी बाजाराच्या दिवशी मी फाट्यावर जाऊन बसतेच, गाठी पाहते, कोनाची सैल असली तर उतरवाले लावते अन पुन्हा बांधते. पोट्टे कुरकुरतात, पन बांधू देतात. त्या हाटेलवाल्याची तूर सोडली तर मी लारीवर बसेल असताना मूठभर माल बी गेला नाही, मास्तर, हे तुमी मोठ्या अक्षरात लिहा, ह्याचा मले अभिमान हाय अन तो मी काहून लपवू? अन हे बी लिहा का गिरजा माह्याशी अजून बोलत नाही. विहिरीवर मी दिसली का ती घागर उचलते. तिच्या जागी मी असती तर म्या बी बोलली नसती. तिच्या नातवाचं औंदा लगन हाय, मांडवाले लागतीन ते वांगे अन सांभार माह्याच मळ्यातून जातीन, शेजारनीच्या हातानं, माहं नाव न सांगता. तिचा मांडव भरून जावो, तिचे नातू-पनतू तिच्या अंगाखांद्यावर खेळो. नाही बोलली माह्याशी तरी चालन.